टिलावा बुडाली तेव्हा माणसं परत बोटीवर का चढली?

वास्कोच्याच एका मुलाचा प्रश्न आहे, घराणं मूळचं मालवणकडचं. त्याचे पणजोबा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या टिलावा बोटीवर डेकवर खलाशी होते, १९४२ साली ती बोट बुडाली आणि ते परत आलेच नाहीत. घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट सांगतात, की ते लाइफबोटीत सुखरूप बसले होते, पण नंतर परत बोटीवर चढले आणि तिथेच संपले. आजी म्हणायची, "मती फिरली त्यांची, दुसरं काय!" त्याचं विचारणं असं की काका, एवढी मोठी बोट पहिल्या टॉरपेडोने बुडत नाही आणि दुसऱ्याने लगेच कशी बुडते, आणि जाणता खलाशी असं परत कशाला चढेल. शिवाय त्यांच्या घरी त्रिपुरारी पौर्णिमेला पाण्यात दिवा सोडत नाहीत, त्याचं कारण कुणालाच धड सांगता येत नाही म्हणे.

बाबा रे, मी चौतीस वर्षं बोटीवर काढली, त्यातली निम्मी मुरगावात खनिज भरून घेण्यात गेली. युद्ध काय मी पाहिलेलं नाही, पण बोट कशी बुडते आणि बुडताना माणूस काय करतो हे शिकणं आमच्या पोटापाण्याचाच भाग असतो. त्यामुळे मती फिरली वगैरे आधी डोक्यातून काढ. तुझ्या पणजोबांनी जे केलं ते त्या जागी मीही केलं असतं, बहुतेक. का ते सांगतो, जरा लांबेल, चहा घेऊन बस.

आधी दिव्याचं. टिलावा मुंबईहून २० नोव्हेंबर १९४२ ला सुटली, मोंबासा, लॉरेन्सो मार्किस म्हणजे आताचं मापुटो, आणि डर्बन असा तिचा फेरा होता. एकटीच, बरोबर एस्कॉर्ट नाही. टॉरपेडो लागला तो २३ नोव्हेंबरच्या पहाटे, २ च्या सुमाराला. आता पंचांग काढून बघ, त्या वर्षी दिवाळी ८ नोव्हेंबरला होती, म्हणजे २२ ची रात्र ही त्रिपुरारीची रात्र. इकडे गोव्यात साखळी गावी विठ्ठलापुरात वाळवंटी नदीत नौका सोडायचा उत्सव असतो ना, तीच पौर्णिमा. तुझ्या घरातल्या बायकांनी तारीख लक्षात ठेवली नसेल, तिथी बरोब्बर ठेवली.

आणि ही तिथी नुसती घरच्यापुरती महत्त्वाची नाही. युद्धात बोटी रात्री पूर्ण काळोख करून जायच्या, पोर्टहोलला काळा रंग, डेकवर विडी पेटवायची नाही, सगळं खरं, पण पौर्णिमेच्या मध्यरात्री आभाळ मोकळं असेल तर त्या काळोखाचा उपयोग काय? सबमरीनवाला करतो काय, की बोट आपल्या आणि चंद्राच्या मध्ये येईल असा फिरून येतो, मग चकचकत्या पाण्यावर तिची काळी आकृती फणीसारखी स्पष्ट दिसते, फनेल, मास्ट, सगळं. आणि सबमरीन म्हणजे सतत पाण्याखाली असते हा सिनेमातला समज आहे, तेव्हाच्या सबमरीन रात्री बहुतेक वेळ वरच पळायच्या. टिलावा बुडवणारी जपानी आय-२९ पाण्यावर २३ नॉटच्या वर पळायची, टिलावासारख्या १९२४ सालच्या कोळशाच्या काळातल्या बोटीचा वेग त्याच्या जेमतेम निम्मा. म्हणजे पळून सुटायचा प्रश्नच नव्हता. त्यात तेव्हाचे जपानी टॉरपेडो ऑक्सिजनवर चालायचे, मागे बुडबुड्यांची पांढरी रेष जवळपास उमटतच नसे, पुढे ४०० किलोच्या आसपास स्फोटक दारू. लुकआऊटवाल्याने डोळे फाडून पाहिलं असतं तरी त्याला फार काही दिसलं नसतं.

आता बुडण्याचं गणित. तू वास्कोचा आहेस म्हणून खनिजावरूनच सांगतो, लवकर कळेल.

मांडवीत लोडेड बार्ज बघितलीस ना कधी? पाणी जवळपास डेकला लागलेलं असतं आणि आत डोकावलं तर होल्ड, म्हणजे माल भरायची पोकळी, अर्धासुद्धा भरलेला दिसत नाही, मधे एक लाल ढीग आणि बाजूला सगळी पोकळी. खनिज जडच इतकं असतं की वजनाची मर्यादा आधी येते, जागा उरतेच. मोठ्या बोटीतही तसंच. आता अशा होल्डला बाहेरून भोक पडलं तर ती सगळी रिकामी जागा पाण्याला मोकळी, आणि बोट तर आधीच वजनाने खाली बसलेली. उलट होल्डमध्ये कापडाचे गठ्ठे, पेट्या, पोती ठासून असतील तर पाणी शिरणार ते मधल्या फटींतून. आमच्याकडे हिशेबाला आकडे आहेत, साधा माल भरलेला होल्ड धरायचा ६० टक्के पाण्याला मोकळा, इंजिनरूम ८५ टक्के, राहायच्या केबिना ९५ टक्के. बोट किती टनांची आहे हे लोक विचारतात, खरं तर विचारायला पाहिजे आत काय भरलंय आणि भोक कुठल्या खणाला पडलंय.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण त्याच वर्षीचं आहे, न्यूफाउंडलंडमध्ये बेल आयलंड म्हणून जागा आहे, तिथे वाबानाच्या खाणींचं लोखंड भरायला बोटी नांगरून उभ्या असायच्या, अगदी आपल्या मुरगावच्या बाहेर उभ्या असतात तशा. सप्टेंबर १९४२ मध्ये जर्मन सबमरीन यू-५१३ तिथे घुसली. सागानागा नावाची खनिज भरलेली बोट टॉरपेडो लागल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आसपास गेली, माणसाला बंकवरून उठून दारापर्यंत जायलाही तेवढाच वेळ लागतो. शेजारी लॉर्ड स्ट्रॅथकोना उभी होती, तिच्या लोकांनी हे बघितलं आणि काही लागायच्या आधीच लाइफबोटी खाली सोडून निघाले. थोड्या वेळाने त्यांचीही बोट गेली पण माणूस एकही गेला नाही. नोव्हेंबरमध्ये परत यू-५१८ आली आणि त्याच जागी आणखी दोन बोटी घेतल्या, रोझ कॅसल आणि पीएलएम २७. मुरगावच्या नांगराजागेत रात्रीच्या वॉचला उभा असताना ही गोष्ट माझ्या डोक्यात हटकून यायची, आजूबाजूला पाचसहा बोटी लाल माती भरत उभ्या, सगळ्यांचे दिवे लागलेले.

टिलावाची गत वेगळी होती. १०,००६ टनांची पॅसेंजर-कार्गो बोट, आत साडेसहा हजार टनांच्या आत बाहेर मिश्र माल, मधे वॉटरटाइट बल्कहेड, म्हणजे बोटीचे वेगवेगळे खण करणाऱ्या, पाणी पलीकडे जाऊ न देणाऱ्या भिंती. पहिल्या टॉरपेडोने एक खण गेला असेल, फार तर दोन, बाकीच्यांवर ती तरंगत राहिली. यात नवल काही नाही, बोट बांधलेलीच असते त्यासाठी. पण त्याचा अर्थ ती ठीक होती असा नाही. तिची सगळी शिल्लक पुंजी, म्हणजे पाण्यावर राहायची जी जास्तीची ताकद असते, ती पहिल्याच फटक्यात खर्च झालेली असते. वरून बघणाऱ्याला बोट सरळ उभी दिसते, थोडी खाली बसलेली, बस. त्यानंतर अजून एक खण उघडला की ती सावकाश बुडत नाही, एकदम जाते. पुंजी संपल्यावर उसनवारी नसते तिथे.

मग माणसं का मेली? ९५८ माणसं होती बोटीवर, ७३२ पॅसेंजर, २२२ खलाशी-स्टुअर्ड वगैरे क्रू, ४ गनर. २८० गेली. यातली बरीच टॉरपेडोने मेलेलीच नाहीत. डेक पॅसेंजर म्हणजे आफ्रिकेला निघालेली गुजराती, पंजाबी, कोकणी कुटुंबं, ती खाली ट्विनडेकमध्ये, म्हणजे वरच्या डेकखालच्या मजल्यावर, बिछाने टाकून झोपलेली. मध्यरात्री धडाका, सगळे एकदम शिड्यांकडे, पोरं, ट्रंका, म्हातारी माणसं. मग वर डेकवर येऊन लाइफबोटींवर झुंबड. बोटी धड सोडल्या जाईनात, काही उलटल्या.

लाइफबोट खाली सोडणं म्हणजे काय ते एकदा जवळून बघितलं असतंस तर तुला हे वेगळं सांगायला लागलं नसतं. बोट दोन दोरांवर टांगलेली असते, पुढचा फॉल आणि मागचा फॉल, दोन्ही एकाच गतीने सोडायचे. त्या काळी जाड मनिला दोर, लाकडी नाहीतर लोखंडी बिटाला, म्हणजे डेकवरच्या खुंटाला, वेढे घेऊन हाताने सैल करत सोडायचे. एक वेढा जास्त काढला की ओझं दोर खेचत नेतं, हात भाजतात, आणि हात सुटला की संपलं. मी स्वतः बघितलेलं सांगतो, १९८७ मध्ये आम्ही मुरगावच्या बाहेर नांगरून होतो, भर दुपार, समुद्र आरशासारखा, रुटीन ड्रिल. बोटीत पाच जण. पुढचा हुक आपोआप सुटला, बोट मागच्या हुकावर उभी टांगली गेली, नाक खाली, वल्ही, पाण्याचं पिंप, बिस्किटांचे डबे, सगळं धडाधड पाण्यात. दोघं लाइफलाइनच्या दोराला लोंबकळत होते, तिघं पाण्यात. त्यातल्या एकाचा खांदा निघाला, तो कायमचाच कामातून गेला. नंतर कळलं की तो हुक महिन्यांपूर्वी तपासल्याचं कागदावर होतं आणि प्रत्यक्षात त्यावर रंगाचे तीन थर चढवलेले होते. कुठल्या कंपनीचं ते जाऊ दे. माझं म्हणणं एवढंच की हे शांत समुद्रात, उजेडात, ट्रेनिंग झालेल्या पाच माणसांबरोबर झालं. तिथे मध्यरात्र, बोट वाकडी, आणि एकेका लाइफबोटीत घुसू बघणारी शेकडो घाबरलेली माणसं. तुझे पणजोबा डेकवरचे खलाशी म्हणजे फॉल सोडायचं काम त्यांच्यासारख्यांचंच. पॅसेंजर पळतात तेव्हा खलाशी दोर धरून उभा असतो, आणि शेवटच्या बोटीत जातो.

आता तुझा मुख्य प्रश्न, परत का चढले.

आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात की बोट पायाखालून जाईपर्यंत बोट सोडायची नाही. लाइफबोट म्हणजे नाइलाज. तिच्यात पाणी मोजकं, सावली नाही, रेडिओ तेव्हा बहुतेक नसायचाच, आणि समुद्रात मोठी वस्तू शोधणं सोपं, लहान वस्तू शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. त्यात सेशेल्सपासून शेकडो मैल दूर भर समुद्र. समोर आपली बोट तरंगतेय, सरळ उभी आहे, तिच्यावर पाणी आहे, जेवण आहे, वायरलेस आहे, रेडिओ ऑफिसर आत बसून एसओएस पाठवतोय, आणि अजून कितीतरी पॅसेंजर वरच अडकलेत. मोडलेल्या, उलटलेल्या लाइफबोटींच्या आसपास माणसं पाण्यात हातपाय मारतायत. अशा वेळी ऑफिसर लोक काय ठरवतील? परत चढा, बोट वाचवता येते का बघा. खडकावर आपटलेली किंवा आग लागून विझलेली बोट असती तर शंभरातल्या नव्वद वेळा हाच निर्णय बरोबर ठरला असता. तुझ्या पणजोबांना कुणी हुकूम दिला की ते आपणहून गेले हे आता कोण सांगणार, पण खलाशाने लाइफबोट परत बोटीला लावायची हे त्याचं कामच होतं.

फरक एकच, की खडक परत येऊन आपटत नाही. सबमरीनवाला तिथेच कुठेतरी उभा राहून बघत असतो. बोट बुडली नाही तर त्याचं काम अर्धवट राहिलेलं असतं, मग तो शांतपणे दुसरा टॉरपेडो भरतो आणि उभ्या असलेल्या, इंजिन बंद पडलेल्या बोटीवर नेम धरून सोडतो. हालतच नाही ती, चुकणार कशी? जर्मनांकडेही हीच रीत होती, पहिला चालत्या बोटीला, दुसरा उभीला. टिलावावर माणसं परत चढत असतानाच दुसरा लागला आणि मग ती फार टिकली नाही. आधी सांगितलं ना, पुंजी संपलेली.

यात जपानी कप्तानाला दिसत होतं का की पॅसेंजर आहेत, बायकापोरं आहेत? पौर्णिमा होती, दिसत असणार असं मला वाटतं. माझं मत आहे हे, पुरावा नव्हे.

आणि हीच आय-२९ बरं का, पाच महिन्यांनी, २८ एप्रिल १९४३ ला मादागास्करजवळ जर्मन यू-१८० पाशी गेली आणि नेताजी सुभाषबाबूंना घेऊन पूर्वेकडे आली. आपल्याकडे पोराटोरांना नेताजींचा सबमरीनचा प्रवास माहीत असतो, त्या सबमरीनने आधी काय केलं होतं ते कुणी सांगत नाही. पुढे जुलै १९४४ मध्ये अमेरिकन सबमरीनने तिलाही टॉरपेडो घालूनच बुडवली.

वाचलेल्यांना २५ नोव्हेंबरला बर्मिंगहॅम नावाच्या ब्रिटिश क्रूझरने उचललं, चौघांना कार्थेज नावाच्या बोटीने, आणि दोन दिवसांनी मुंबईला आणून सोडलं. ६७८ वाचले. दोन दिवस लाइफबोटीत राहून इतकी माणसं जगली याचं एक कारण पाणी कोमट होतं. कोमट पाणी म्हणजे काय नशीब, हे कळायला दुसऱ्या एका बोटीचं बघ. तीही ब्रिटिश इंडियाचीच, नाव गैरसप्पा, म्हणजे आपलं गिरसप्पा, धबधब्यावाल्या गावाचं नाव. कलकत्त्याहून लोखंडाच्या लगडी, चहा आणि चांदी घेऊन निघाली, कोळसा पुरेना म्हणून काफिल्यापासून वेगळी पडली, आणि १७ फेब्रुवारी १९४१ ला आयर्लंडच्या नैर्ऋत्येला यू-१०१ ने बुडवली. लाइफबोटीत तीसेक जण होते, त्यातले बहुतेक आपल्याकडचेच खलाशी, अंगावर सुती कपडे. १३ दिवसांनी ती होडी इंग्लंडच्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला लागली आणि लाटेत उलटली, जिवंत राहिला एकटा सेकंड ऑफिसर. बाकी कुणीसुद्धा नाही. कुठे आपला जोग-होन्नावरचा पाऊस आणि कुठे फेब्रुवारीतला अटलांटिक.

एक गोष्ट वास्कोत कुणीतरी तुला ऐकवेलच म्हणून आधीच सांगून ठेवतो. मुरगाव बंदरात तेव्हा एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स या जर्मन बोटी आणि अनफोरा ही इटालियन, युद्ध सुरू झाल्यापासून अडकून पडल्या होत्या, पोर्तुगाल तटस्थ ना. एरेनफेल्सवरून चोरून वायरलेस चालायचा आणि सबमरीनना बोटींचे ठावठिकाणे कळवले जायचे असं ब्रिटिशांचं म्हणणं. म्हणून ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याच्या हौशी घोडदळातली मध्यमवयीन मंडळी एका जुन्या बार्जवर बसून आली आणि चढाई केली, जर्मनांनी स्वतःच बोटी पेटवून बुडवल्या. आमचे आजोबा सांगायचे, सडा टेकडीवरून बंदर दिवसासारखं लख्ख दिसत होतं. म्हणून इकडे कुणाचीही बोट बुडाली की "मुरगावातून खबर गेली" असं म्हणायची पद्धत पडली. टिलावाला ते लावू नको. चांदण्यात एकटी जाणारी बोट आणि त्याच वाटेवर शिकार शोधणारी सबमरीन, एवढं पुरेसं आहे, त्याला खबऱ्या लागत नाही.

आणि चांदी. टिलावात दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी २,३६४ चांदीच्या विटा होत्या, ६० टन. २०१७ मध्ये एका खासगी कंपनीने अडीच किलोमीटर खोलीवरून त्या काढल्या, मालकीवरून लंडनला खटला चालला आणि मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकाल दिला. वीट न् वीट मोजली गेली बघ.

नावाचं मात्र तुलाच शोधायला लागेल, पण अशक्य नाही. लंडनला टॉवर हिलवर मोठं मर्चंट नेव्ही स्मारक आहे तिथे आपल्या खलाशांची नावं शोधत बसू नको. आपल्या लोकांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने मुंबई आणि चितगाव अशा दोन स्मारकांच्या नोंदवहीत केलीय, सहा हजारांवर नावं आहेत, मुंबईची वही मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये. कमिशनच्या वेबसाइटवरही शोधता येतं. पण आडनाव टाकून शोधलंस तर काही मिळणार नाही. शिपिंग ऑफिसमधला क्लार्क कानाला जे ऐकू आलं ते इंग्रजीत लिहायचा, बऱ्याचदा नुसतं एकच नाव, किंवा नाव आणि बापाचं नाव. तुझ्या पणजोबांचं नाव समज पांडुरंग असेल तर पांडू, पांडोरंग, पंडू, सगळं करून बघ. त्यापेक्षा आधी मृत्यूची तारीख टाक, २३ नोव्हेंबर १९४२, मग मुंबईचं स्मारक निवड, आणि येणारी नावं एकेक वाचत जा, प्रत्येकापुढे हुद्दा आणि बोटीचं नाव असतं. तुझी आजी अजून आहे ना? मग यादी तिला मोठ्याने वाचून दाखव, घरातली हाक मारायची नावं तिला ठाऊक असतील, तुझ्या नजरेतून सुटलेलं तिच्या कानाला लागेल.